याकोबकाकांना मान्य नाही

निरोप घेताना 'जातो' म्हणणारा माणूस अख्ख्या मुरबाडात मी एकच पाहिला. आपण सगळे 'येतो' म्हणतो. ज्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही असं चहा पितानाच ठरवलेलं असतं, तिथेही 'येतो हं' म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. याकोबकाका उठतात, पांढरी टोपी डोक्यावर ठेवतात आणि स्वच्छ आवाजात सांगतात, "जातो."

लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा माझ्या सासूबाईंचं आणि काकांचं यावरून जुनं भांडण चालू होतं. घराला घर लागून, त्यामुळे रोजचं येणंजाणं. काका 'जातो' म्हणाले की सासूबाईंच्या काळजात धस्स व्हायचं.

"अवो भावजी, येतो म्हणा, येतो! भरल्या घरातून जातो काय म्हणता?"

"वयनी, उद्या मी वाशिंदला चाललोय. परवा कल्याणला देवळात. दोन-चार दिस तुमच्याकडं यायचं माझं कायबी काम नाय. येतो कसं म्हणू?"

मग सासूबाई त्यांना परत खाली बसवायच्या आणि पाणी द्यायच्या, म्हणजे आधीचं 'जातो' पुसलं जाई. काका पाणी प्यायचे, मिशा पुसायचे, उठायचे आणि पुन्हा म्हणायचे, "जातो." शेवटी सासूबाईच कंटाळल्या. त्यांच्यामागे त्या स्वतःच पुटपुटायला लागल्या, "येतो, येतो, येतो." काकांच्या वाट्याचं खोटं त्यांनी आयुष्यभर बोलून घेतलं.

काका ख्रिस्ती. आजोबांच्या काळापासूनचे. मुरबाडात ख्रिस्ती घरं फार नाहीत, त्यामुळे महिन्यातून एकदा ते कल्याणच्या चर्चला जातात आणि चर्चला देऊळच म्हणतात. बाकीचे रविवार घरात खुर्ची टाकून, मोठ्याने गीतं म्हणून साजरे होतात. आवाज असा, की कोंबड्यासुद्धा मागच्या दाराने निघून जातात. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतात, मग पुढ्यात वडापाव का असेना. स्टँडवरच्या हॉटेलात एकदा प्रार्थना इतकी लांबली, की काका झोपले असं समजून हॉटेलवाल्याने भरली बशी उचलून नेली. डोळे उघडल्यावर काकांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आता दुसरा आण. आणि ह्याच्यासाठी परत प्रार्थना करावी लागंल, तवर उचलू नको."

त्यांचा धर्म मी इतकी वर्षं शेजारून पाहिला. त्यात फार काही अवघड नाही. दारावर आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, रविवारी कामाला हात लावायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी पुष्कळांना जमतात. तिसरीने मात्र काकांनी सगळ्या तालुक्याला घाम फोडला. कुणी नुसतं 'पाच मिनिटांत आलो' म्हटलं तरी ते बोट आभाळाकडे करतात आणि म्हणतात, "सांभाळून. प्रभू ऐकतोय." पलीकडच्या सोसायटीत कॅमेरे बसले तेव्हा सगळी गल्ली बघायला गेली होती. काका गेले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडं पहिल्यापासून आहे."

पोटाला त्यांनी धंदा धरला तो जीपचा. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण गाठायचं तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी जीप. आणि जीपच्या धंद्याची सुरुवातच मुळी खोट्याने होते. गाडीत दोन माणसं असली तरी ड्रायव्हर ओरडतो, "चला कल्याण, कल्याण, एकच सीट, निघाली, निघाली!" तुम्ही धावत जाऊन बसता आणि मग पाऊण तास तिथेच घाम पुसत राहता. काका आपल्या जीपपुढे उभे राहून ओरडायचे, "कल्याण! निघत नाय! अजून सहा जण हवेत! च्या पिऊन या!"

बाकीचे ड्रायव्हर कपाळाला हात लावायचे. "काका, धंद्याची वाट लावताव तुमी." पण झालं उलटंच. आम्ही नोकरदार बायका काकांच्याच जीपची वाट बघायला लागलो. काकांनी 'निघाली' म्हटलं की ती खरोखर निघालेली असायची, तुम्ही आत असा नाहीतर बाहेर. एकदा मी एक पाय पायरीवर ठेवलेला असताना निघाली. मी ओरडले तर म्हणाले, "बाई, मी सांगितलं न्हवतं का?" मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून त्यांची मी 'बाई'.

त्यांची मुलगी रूथ. नर्स झालेली, दिसायला नीटस, बोलायला तिखट. तिला बघायला माणसं आली की मार्थाकाकू, म्हणजे काकांची बायको, आधी काकांच्या पाया पडायच्याच तेवढ्या बाकी राहायच्या. "आज गप बसा. निस्तं गप." पण पाहुण्यांनी रीतीप्रमाणे विचारायचंच, "मुलगी शांत आहे ना?" की काका पुढे सरसावायचे. "शांत? नाय वो. लय रागीट. भाकरी करते ती खिडकीतून टाकली तर कुत्रा जखमी व्हायचा. पण पेशंटच्या उशाला बसली तर हलायची नाय." शेवटचं वाक्य ऐकायला पाहुणे थांबायचे नाहीत. वाशिंदचा डॅनियल तेवढा थांबला. तो इतका हसला की चहा शर्टावर सांडला, आणि म्हणाला, "मला हीच चालेल. निदान घरी नेल्यावर नवीन काही कळणार नाही."

आता माझं मत विचाराल तर या माणसाचा मला कित्येकदा संताप आला आहे. खरं बोलायला माझी ना नाही. पण मार्थाकाकू गेल्या तेव्हा कल्याणहून आलेले पाळक प्रार्थनेत म्हणत होते, "आमची ही भगिनी शांत स्वभावाची, कुणालाही उलट न बोलणारी," आणि शवपेटीशेजारी उभे असलेले काका मध्येच म्हणाले, "नाय. भांडायची. पण माझ्याशीच भांडायची." पाळक थांबले. सगळे खाली बघायला लागले. रूथ हुंदका देता देता हसली, आणि मग तिला हसू आवरेना आणि रडूही. मला त्या क्षणी काकांना कुठेतरी कोंडून ठेवावंसं वाटलं होतं. घरी आल्यावर वाटलं, मी मेल्यावर माझ्याबद्दल कुणी तरी इतकं खरं सांगावं.

जीप विकून काका घरी बसले आणि त्यांचं तोंड मोकळं झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका बिल्डरची इमारत उभी राहत होती. भला मोठा बोर्ड लागला, 'रेल्वे स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं'. मुरबाडात! जिथे रेल्वे येणार, येणार असं ऐकत माणसं म्हातारी झाली. काका टोपी घालून बिल्डरच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, "चला, स्टेशन दावा. मी चालत येतो. धाप लागली तर वाटेत बसंन." त्या पोराने हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी काकांनी घरची लोखंडी खुर्ची उचलली आणि इमारतीच्या गेटसमोर, रस्त्याच्या कडेला, सरकारी जागेत टाकली. ठाण्या-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाची गाडी येऊन उभी राहिली की काका काच उतरवायला लावायचे. "रामराम. घर चांगलं आहे. भिंती सरळ आहेत. स्टेशन नाय."

बिल्डरचा माणूस समजवायला आला, मग दमात घ्यायला आला. "म्हाताऱ्या, जास्त होतंय तुझं."

"होतंय," काका म्हणाले, "पण खरंच होतंय ना?" आणि खुर्ची आणखी वीतभर पुढे सरकवली. उन्हाचं उठले नाहीत, पावसाचं उठले नाहीत. मी छत्री नेऊन दिली आणि स्वतःही शाळा सुटल्यावर शेजारी उभी राहायला लागले. मग गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. बोर्डावर एक दिवस रंगारी चढला. आता तिथे लिहिलं आहे, 'रेल्वे आल्यास स्टेशनपासून पाच मिनिटं'. काकांनी ते मान हलवत दोनदा वाचलं आणि खुर्ची उचलून घरी आले.

इथपर्यंत सगळं गमतीत गेलं. पुढे मात्र गोष्ट घरावर आली.

काकू गेल्यावर वर्षभरात रूथला आणि डॅनियलला आयर्लंडला नोकरी लागली. निघण्याच्या दिवशी गाडी दारात उभी होती. रूथ काकांसमोर येऊन म्हणाली, "बाबा, जाऊ ना मी? चालेल ना तुम्हाला?" जगातला कुठलाही बाप अशा वेळी काय म्हणतो ते तुम्हाला मला ठाऊक आहे. काका म्हणाले, "चालायचं नाय. पण जा." रूथ गाडीत बसली. नंतर तिने मला फोनवर विचारलं, "बाई, एकदा, फक्त एकदा खोटं बोलले असते तर त्यांचा प्रभू काय करणार होता?"

तिकडे तिला मुलगी झाली. तिचंही नाव मार्था ठेवलं. पोस्टाने एक फोटो आला, तो काकांनी काकूंच्या फोटोशेजारी लावला. पण फोटोतली पोर तीन महिन्यांची, आणि खरी पोर घरभर धावायला लागलेली. काकांचा फोन बटणांचा. रूथने एक चांगला फोन पाठवला, त्यात नातीला हलतंबोलतं बघता येणार होतं. मीच तो सुरू करायला बसले. अ‍ॅप उघडलं, आणि अ‍ॅपने सगळ्यांना विचारलेलं असतं तेच विचारलं. मी अटी वाचल्या आहेत आणि मला त्या मान्य आहेत. खाली छोटासा चौकोन.

"करा टिक," मी म्हटलं.

"पण मी वाचल्या नाय."

"कोणीच वाचत नाही, काका."

"तुमी वाचल्या होत्या?"

"नाही."

"मग टिक केली?" काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी वर्गात कॉपी पकडते तेव्हा माझी नजर तशी होत असावी. "बाई, तुमी तर पोरांना शिकवताव."

मी माझा फोन पुढे केला. माझ्यावरून बघा म्हटलं. तर तेही नको. "ती टिक तुमची. तुमच्या खोट्यातून मी माझ्या नातीचं तोंड बघायचं, असं नाय करायचं." बँकेत न वाचलेल्या फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हाही हेच झालं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, काका, सगळेच करतात. काका म्हणाले, "सगळेच करतात म्हणून तर भ्या वाटतं."

मी म्हटलं, ठीक आहे. वाचू या. मी इंग्रजीची बाई आहे, अशी नाही हरणार. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून त्या अटी मी मोठ्याने वाचायला लागले, वाक्यावाक्याचं मराठी करत. कंपनीला आपला पत्ता कळतो, ओळखी कळतात. काका म्हणाले, "कळू दे. गल्लीला बी कळतंय." कंपनी माहिती भागीदारांना देते. "भागीदार कोण?" लिहिलेलं नाही, मी म्हटलं. काकांनी हुंकार दिला. माझी जीभ कोरडी पडायची, काका लिंबाचं सरबत करून आणायचे आणि पुन्हा खाली बसायचे. एवढ्या लक्षपूर्वक माझं इंग्रजी आजवर एकाही विद्यार्थ्याने ऐकलेलं नाही. मला आशा वाटायला लागली.

मग ते वाक्य आलं. या अटी आम्ही केव्हाही बदलू शकतो, आणि त्यानंतर तुम्ही वापर चालू ठेवलात तर नव्या अटी तुम्हाला मान्य आहेत असं समजलं जाईल.

"थांबा," काका म्हणाले. "म्हंजे उद्या ते काय लिवतील ते मला आज ठाऊक नाय. पण माझा हो आजच झाला."

"तसंच काहीसं."

"आणि मी हो म्हटलं असं कोण समजणार?"

"कंपनी."

"माझा हो कंपनी म्हणणार." काका उठून उभे राहिले. "बंद करा, बाई. मला मान्य नाय."

मी चिडले. फार चिडले. म्हटलं, "अहो, एवढ्या मोठ्या कंपनीला तुमच्या मान्य-अमान्याचं काय पडलंय? पोर मोठी होतेय तिकडे. तुमच्या प्रभूलाही तुम्हाला नात दाखवायची असेलच ना?"

"त्याला दावायची असंल तर त्याला टिक लागायची नाय," काका म्हणाले आणि सरबताचे ग्लास आत घेऊन गेले. सगळं जग ज्या चौकोनाला डोळे मिटून हो म्हणतं, त्याला मुरबाडच्या एका जीपवाल्याने पूर्ण वाचून नाही म्हटलं. आज मला याचा अभिमान वाटतो. त्या दिवशी नुसता ताप झाला होता.

रूथला हे कळवायचं कसं? तिचा साधा फोन दर रविवारी संध्याकाळी त्या जुन्या बटणांच्या फोनवर यायचा. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकर लावतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जातं. त्या रविवारी मी मुद्दाम जाऊन बसले. रूथने नेहमीप्रमाणे विचारलं, "बाबा, बरे आहात ना?"

"पाऊस बरा झाला," काका म्हणाले. "भात वर आलंय. तिकडं वैशाखरे गावाला तर लय चांगलं आहे."

आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं. गेली दोन वर्षं दर रविवारी मी हे भिंतीपलीकडून ऐकत होते. बरे आहात ना? पाऊस बरा झाला. बरे आहात ना? लिंबाला लिंबं धरलीत. खोटं एकही अक्षर नाही. पण उत्तरही नाही.

"काका," मी म्हटलं, "तिने पावसाचं विचारलेलं नाही."

काकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग फोनकडे. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाय," काका म्हणाले. "बरा नाय. तुझी आई गेली, मग तू गेलीस. घर खायला उठतं. गीत म्हणतो तर दुसरा आवाजच नाय. एकट्याच्या भाताला पातेलं मोठं होतं. आणि ते फोनचं मला मान्य नाय, ते मी करायचा नाय. पण पोरीचं तोंड बघायचंय मला. लय बघायचंय."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा," रूथचा आवाज आला, "मीपण बरी नाय. हितं सगळे विचारतात, कशी आहेस, आणि उत्तराच्या आधीच पुढं जातात. मीपण मजेत म्हणते आन पुढं जाते. तुमच्याशीपण तसंच करत व्हते." इतकी वर्षं कल्याणला शिकलेली, आयर्लंडला गेलेली रूथ थेट गल्लीतलं बोलायला लागली होती.

"मग आता नको करू," काका म्हणाले.

"नाय करत."

मी उठायला लागले तर काकांनी हातानेच बसा म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "पोर कुठाय?"

"हितंच."

"आत्ता काय करते? दिसतंय तसं सांग. जास्तीचं काय लावू नको."

आणि रूथ सांगायला लागली. पोर टेबलाखाली बसलीय. एक मोजा पायात, दुसरा हातात घातलाय. केस विंचरू दिले नाहीत म्हणून चिडलेली. नाक आईवर गेलंय का, काकांनी विचारलं. "नाय बाबा, तुमच्यावर. बसकं." काका समाधानाने हुंकारले. आता बाहेर आली. आता डॅनियलच्या बुटात पाय घालून बघतेय. पडली. रडत नाय, इकडंतिकडं बघतेय कुणी बघितलं का. काकांनी डोळे मिटले होते, आणि पोर पडली तेव्हा त्यांचा हात नकळत पुढे झाला.

तिकडे दुपार होती, पोरीची झोपायची वेळ. रूथने तिला उचलल्याचं सांगितलं, पांघरूण घातल्याचं सांगितलं. आवाज खाली आणून म्हणाली, "झोपली, बाबा."

काकांनी डोळे उघडले नाहीत. "खरंच झोपली?"

रूथ वाकून बघत असावी.

"नाय," ती हळूच म्हणाली. "सोंग करतेय. पापण्या हलताहेत. एका डोळ्यानं बघतेय, मी गेले का म्हणून."

मी काकांच्या बोटाकडे पाहिलं. ते आता आभाळाकडे जाणार, अशी माझी खात्री होती. ते ओठांवर गेलं.

"श्श," काका म्हणाले. "करू दे. तिला सांगू नको आपल्याला कळलंय."